काटेरी पाहुणा

(घरातल्या गॅलरीत कॅक्टस कसा जगवावा, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.)

मुलांनो, रोपवाटिकेत गेलात की गुलाब, मोगरा, जास्वंद यांच्या पलीकडे एका कोपऱ्यात लहान लहान कुंड्यांची रांग दिसते. त्यांत एखादे झाड चेंडूसारखे गोल असते, एखादे बोटाएवढे उंच, तर एखाद्याने अंगावर पांढरी लोकर पांघरलेली असते. हे सगळे कॅक्टस.

मी तुमच्याएवढा होतो, तेव्हा असाच एक कॅक्टस विकत घेतला होता. तो लिंबाएवढा होता आणि त्याचे काटे सोनेरी होते. डोक्यावर एक लाल फूल होते, म्हणून तर मी तो निवडला! चार दिवसांनी ते फूल माझ्या हातात आले. पाहतो तर काय, खाली सुकलेला गोंद! विकणाऱ्याने वाळलेले फूल वर चिकटवले होते. तुम्ही कॅक्टस घ्याल तेव्हा फुलाच्या बुडाशी नीट पाहा, बरे का.

फुलाचे दुःख मी विसरलो. कुंडी गॅलरीत आईच्या पुदिन्याशेजारी ठेवली. आई रोज सकाळी पुदिन्याला पाणी घाली. मीही कॅक्टसला पेलाभर पाणी घालू लागलो. वाळवंटातला बिचारा, किती तहानलेला असेल, असे मला वाटे. तो फुगू लागला. मला वाटले, बाळसे धरतो आहे. जुलै महिन्यात एके सकाळी तो एका बाजूला कलला. त्याला सरळ करायला गेलो, तर बोट आत रुतले. बुडाशी तो पिकलेल्या केळ्यासारखा मऊ झाला होता. शेजारी पुदिना मात्र हिरवागार होता.

पाणी दोघांनाही रोज मिळत होते. मग एक जगला आणि दुसरा कुजला, असे का झाले?

याचे उत्तर कॅक्टसच्या मूळ घरी आहे. कॅक्टस हा आपल्याकडे आलेला पाहुणा आहे. त्याच्या जवळजवळ सर्व जाती मूळच्या अमेरिका खंडातल्या. मेक्सिको आणि त्याला लागून असलेला अमेरिकेचा ॲरिझोना प्रांत येथे मोठी वाळवंटे आहेत. तिथे पाऊस क्वचित पडतो. तो पडला की कॅक्टसची जमिनीलगत पसरलेली मुळे भराभर पाणी शोषून घेतात. खोडावर पन्हाळीसारख्या घड्या असतात. पेटीचा भाता उघडावा, तशा त्या उघडतात आणि खोड फुगते. मग पुढचा पाऊस येईपर्यंत त्याच पाण्यावर दिवस काढायचे. पाणी उडून जाऊ नये म्हणून पानांचे काटे झाले. पानांचे काम हिरवे खोड करते. खोडावरची बारीक छिद्रेसुद्धा दिवसा बंद असतात. रात्री हवा थंड झाली की ती उघडतात.

अशा झाडाला घाई कशाची? ॲरिझोनात सग्वारो नावाचा कॅक्टस आहे. तो पुढे तीन-चार मजली इमारतीएवढा उंच होतो. पण तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पहिल्या ८ वर्षांत त्याची उंची एक ते दीड इंचच भरते. तेव्हा आपला कॅक्टस वाढत नाही म्हणून खत घालत बसू नका.

आता पाण्याचे सांगतो. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत ओली राहिली, की तिच्यातली हवा जाते. मुळे गुदमरतात, त्यांना बुरशी लागते आणि कुज हळूहळू वर चढते. आपल्याला ती दिसते, तोपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून पाणी घालण्याआधी आइस्क्रीमची लाकडी काडी मातीत खोल खुपसा. काडी ओली निघाली किंवा तिला माती चिकटली, तर पाणी नको. कोरडी निघाली, तर भरपूर घाला. खालच्या भोकातून ते वाहून गेले पाहिजे. बशीत साचलेले पाणी ओतून टाका. घोट घोट रोज पाजण्यापेक्षा हे बरे. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी लागेल, थंडीत महिन्यातून एकदाही पुरेल. पण खरे काय ते काडीला विचारा.

कुंडी मातीची असावी. एक भाग बागेतली माती आणि दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा घ्यावा. वाळू समुद्रावरची आणू नका, ती खारट असते. ऊन हवेच, पण रोपवाटिकेच्या सावलीतून आणलेले रोप एकदम कडक उन्हात ठेवले, तर त्याची साल भाजते. आठवडाभर सकाळच्या उन्हाची सवय करा. कुंडी बदलताना वर्तमानपत्राची जाड घडी करून पट्ट्यासारखी रोपाभोवती गुंडाळा. एवढे करूनही बारीक काटे बोटात घुसतातच. ते चिकटपट्टी लावून ओढून काढावेत.

आपल्या बांधावरचा निवडुंग म्हणजे कॅक्टसच, असे पुष्कळांना वाटते. त्यातला फड्या निवडुंग खरोखर कॅक्टस आहे आणि तोही अमेरिकेतूनच आला. त्रिधारी निवडुंगाचे मात्र कूळच निराळे. त्याला टोचले की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांत गेला तर मोठी इजा होते. चीक निघाला, तर ते झाड बहुधा कॅक्टस नाही असे समजा आणि हात धुवा.

सगळ्या कॅक्टसना उपाशी ठेवावे, असेही नाही हं! डिसेंबरच्या सुमारास गुलाबी फुलांनी लवणारा ‘ख्रिसमस कॅक्टस’ ब्राझीलमधल्या दमट डोंगरी जंगलातला. तो तिथे झाडांच्या फांद्यांवर, सावलीत वाढतो. त्याला वाळवंटासारखे वागवले, तर तो सुरकुतून जातो. माझ्या एका मित्राने त्याला गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात ठेवले होते. पुढे काय झाले, ते सांगायला नको.

पहिला कॅक्टस गेल्यावर मी बरीच वर्षे दुसरा आणला नाही. पुढे एक आणला, तर त्यालाही पावसाळ्यात कुज लागली. या वेळी मी ती लवकर ओळखली. चाकू स्वच्छ पुसून घेतला आणि कुजलेला भाग कापला. आत तपकिरी ठिपके दिसत होते, तोवर चकत्या काढत गेलो. शेवटी स्वच्छ हिरवा गाभा लागला, तेव्हा हातात सुपारीएवढा तुकडा उरला होता. तो सावलीत कागदावर ठेवला. दहा दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. कापलेल्या जागी खपली धरल्यावर तो कोरड्या वाळूवर नुसता टेकवला. घरातले सगळे हसत होते. महिन्याने तुकडा हलवून पाहिला, तर तो हलेना. त्याने मुळे धरली होती.

आता तो माझ्या मुठीएवढा आहे. जूनचे पहिले ढग दिसले की मी त्याची कुंडी उचलून आत खिडकीत ठेवतो. पुदिना बाहेरच असतो, पावसात.

शब्दार्थ
बाळसे धरणे – गुटगुटीत होणे
पन्हाळी – पाणी वाहून नेणारी अर्धगोल नळी
चीक – झाडातून निघणारा चिकट रस
खपली – जखमेवर धरणारा कोरडा थर

स्वाध्याय
१. पुदिना जगला आणि कॅक्टस कुजला, याचे कारण लिहा.
२. ख्रिसमस कॅक्टसला वेगळी निगा का लागते?
३. तुमच्या घरातील एका कुंडीत लाकडी काडी खुपसून आठवडाभर रोज पाहा. काय दिसले ते वहीत लिहा.