कायद्याचे प्रात्यक्षिक आणि शेणव्याचा पाडा

शहापूरच्या न्यायालयात तारखेला गेलेला शेणव्याचा मनुष्य सायंकाळी घरी परततो तेव्हा त्याच्या हाती बहुधा पुढची तारीख असते. आजचे काम का झाले नाही आणि पुढील वेळी कोणता कागद सोबत न्यावयाचा, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले असतेच असे नाही. तिकडे शहरातील विधी महाविद्यालयात कलमे मुखोद्गत करणाऱ्या विद्यार्थ्याने पुष्कळदा सातबाराचा उतारा डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. या दोघांची गाठ घालून देणारी तरतूद आजच्या नियमांत आहे. तिचा जेवढा व्हावा तेवढा उपयोग होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणून हा प्रपंच.

वैद्यकाचा विद्यार्थी रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहून शिकतो, तसे कायद्याच्या विद्यार्थ्याने पक्षकारापाशी बसून शिकावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७३ साली विधी साहाय्याच्या कामात विद्यार्थ्यांना सामावून घ्यावे असे सुचविले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याच्या धोरणाचे निदेशक तत्त्व ठरले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला. तो १९९५ साली अमलात आला. विद्यापीठे व विधी महाविद्यालये यांमध्ये विधी सेवा केंद्रे स्थापन व्हावीत, अशी तरतूद या अधिनियमातच आहे.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पदवी अभ्यासक्रमात चार विषय प्रात्यक्षिकाचे आहेत : अभिवचने व दस्त यांचे मसुदालेखन, व्यावसायिक नीती, पर्यायी वादनिवारण आणि अभिरूप न्यायालय. मसुदालेखनात अभिवचनांचे पंधरा व दस्तांचे पंधरा नमुने लिहावे लागतात. एक दिवाणी व एक फौजदारी अशा दोन खटल्यांचे कामकाज पाहून टिपण करावे लागते आणि वकिलाच्या किंवा विधी साहाय्याच्या कार्यालयात पक्षकाराशी होणारी बोलणी दोनदा ऐकावी लागतात. याशिवाय आंतरवासिता, म्हणजे विद्यार्थी जिला इंटर्नशिप म्हणतात ती, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवडे पुरी करावी लागते. तिची दैनंदिनी मार्गदर्शक आणि प्राध्यापक दोघेही तपासतात.

पंचायत सदस्यांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही आंतरवासिता जेथे करता येते त्या ठिकाणांच्या यादीत न्यायालये, वकील व स्वयंसेवी संस्था यांच्या जोडीला स्थानिक स्वराज्य संस्थाही आहेत. पंचायत समितीचे कार्यालय किंवा एखादी ग्रामपंचायत हे विधी विद्यार्थ्याचे शिक्षणस्थान होऊ शकते. हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. शेजारच्या मुरबाड तालुक्यातील काही गावेही त्यात आहेत. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीस, तसेच कोणत्याही स्त्रीस, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या अधिनियमाने दिला आहे. त्यासाठी अर्ज करावयाचा तो तालुका विधी सेवा समितीकडे. हक्क आहे, समिती आहे. परंतु पाड्यापासून समितीच्या दारापर्यंतची वाट दाखविणारे कोणी हवे.

समजा, शेणव्याच्या परिसरातील एखाद्या कातकरी कुटुंबाने दिवाळीच्या सुमारास वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेतली. पावसाळ्यापूर्वी हिशेब झाला तेव्हा उचल फिटली नाही असे त्यांना सांगण्यात आले आणि पुढच्या हंगामात परत यावेच लागेल असे बजावले गेले. पुस्तकात हा वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ चा प्रश्न आहे. त्या कायद्याने असे ऋण संपुष्टात आले आहे, आणि ऋण वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला आहे. पण पाड्यावर बसलेल्या विद्यार्थ्यापुढे कलम नसते. त्याच्यापुढे एक दबकलेली बाई असते. तिला उचलेचा आकडा आठवतो, तारीख आठवत नाही, आणि तारीख विचारली की ती गप्प होते. तेव्हा, ‘‘भात कापून झाले होते का?’’ असे विचारावयास शिकणे, हेच खरे प्रात्यक्षिक. मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा आहे, तरी अर्जातील मराठी आणि त्या बाईची मराठी यांत मोठे अंतर असते. ते अंतर तोडताना तिच्या म्हणण्यात आपले शब्द मिसळू नयेत, ही दक्षता कोणत्याही व्याख्यानातून अंगी येत नाही.

वनहक्काचा दावा हे दुसरे उदाहरण. दावेदार आदिवासी असेल तर त्याचा कब्जा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. लेखी पुरावा नसेल तर गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागस्तरीय समितीकडे जावयाचे तर मुदत साठ दिवसांची. म्हणून नकाराचा कागद हाती पडला की विद्यार्थ्याने प्रथम त्यावरील तारीख पाहावी, मजकूर मागाहून वाचावा. पुष्कळ प्रकरणे न्यायाच्या मुद्द्यावर नव्हे, तर दिवस मोजण्यात हरतात.

विद्यार्थ्याच्या कामाला मर्यादा आहेत आणि त्या गावकऱ्यांना पहिल्याच भेटीत सांगितल्या पाहिजेत. तो वकील नव्हे. पदवीनंतर राज्य विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून त्याला न्यायालयात कोणाची बाजू मांडता येत नाही. ऐकणे, टिपणे, कागदांची जुळणी करणे, अर्जाचा कच्चा मसुदा करणे आणि तो समितीच्या वकिलाकडून तपासून घेणे, एवढेच त्याचे काम. ऐकलेले गुप्त ठेवणे हेही त्यातच येते. लहान गावात हे सर्वांत कठीण, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार असते तो कधी कधी त्याच ओसरीवर चहा घेत असतो.

शिक्षकांसाठी थोडे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा, असे दोन मार्ग आहेत. दोन्हींसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आश्रमशाळेतील मुलामुलींना डॉक्टर, शिक्षक व पोलीस हे व्यवसाय ठाऊक असतात, वकिलाचा क्वचितच सुचविला जातो. पाड्यावरची बोली ज्याला घरचीच आहे असा विद्यार्थी वर सांगितलेले अंतर उपजतच तोडून आलेला असतो.

आता अडचण वेळेची. महाविद्यालयाची सुटी एप्रिल-मे महिन्यांत, आणि नेमकी तेव्हाच भट्टीवर गेलेली कुटुंबे पाड्यावर नसतात. विद्यार्थी शिबिर भरवितात, फलकासह छायाचित्र घेतात आणि कुलूप लावलेल्या घरांवरून परत जातात. ज्यांच्यासाठी आले ती माणसे त्या वेळी विटा थापीत असतात. नियमांचाच आधार घेऊन यातून वाट काढता येते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक आंतरवासिता करता येत नाही, म्हणजे ती तुकड्यांनी करणे भागच आहे. मग पहिली फेरी दिवाळीच्या सुटीत, उचल घेण्यापूर्वी, आणि दुसरी पावसाळा लागल्यावर, हिशेब ताजा असताना, अशी विभागणी महाविद्यालयाने ग्रामपंचायतीशी पत्रव्यवहार करून ठरवावी. ग्रामपंचायतीने एक खोली, आठवड्यातील एक ठरलेला वार आणि एक नोंदवही द्यावी. वहीत नाव, विषय, दिलेला कागद आणि पुढे काय झाले, असे चार रकाने असावेत. गोपनीय तपशील मात्र वहीत येऊ नये. तो समितीकडील अर्जातच असावा. दुसऱ्या फेरीला येणाऱ्या विद्यार्थ्याने, तो पहिलाच असो वा नवा, प्रथम ही वही उघडावी आणि चौथा रकाना ज्यांच्यापुढे कोरा आहे त्यांच्या घरी जावे.