तेल संपले की वात जळते

समई लावताना घरातली वडीलधारी माणसे एक गोष्ट हमखास सांगत : "तेलाकडे लक्ष ठेव." तेल आहे तोपर्यंत वात शांतपणे तेवते. तेल संपले की वातच जळू लागते आणि शेवटी धूर व काजळी उरते. ‘बर्नआउट’ या शब्दाचा अर्थ मुलांना समजावायचा तर याहून सोपे उदाहरण मला सुचत नाही.

कोविडच्या साथीत अमेरिकेतल्या असंख्य शिक्षकांचे असेच झाले. त्या दिवसांत आपली मुले याच शिक्षकांकडे शिकत होती. आपल्या कितीतरी भगिनी इथल्या शाळांत शिक्षिका किंवा साहाय्यक शिक्षिका आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी मराठी शाळेत शिकवणारे तर आपल्यातलेच. म्हणून हा विषय आपण सर्वांनी मिळून समजून घ्यावा असे वाटते.

बर्नआउट म्हणजे नेमके काय?

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेवर लेख लिहिला. मोफत दवाखान्यात झटणारे कार्यकर्ते काही महिन्यांनी पार खचून जातात, असे त्यांनी पाहिले होते. झळ लागत होती ती कामचुकारांना नव्हे, तर जीव ओतून काम करणाऱ्यांना.

पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या प्राध्यापिका क्रिस्टीना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन लक्षणे सांगितली. पहिले, झोप घेऊनही न जाणारा थकवा. दुसरे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयीच कोरडेपणा किंवा तुसडेपणा येणे. तिसरे, "माझ्या हातून काही चांगले होतच नाही" अशी भावना. साधा थकवा चार दिवसांच्या सुट्टीने जातो. इथे मात्र सुट्टी संपत आली की पोटात गोळा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तिच्या मते हा आजार नाही, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आल्यामुळे होणारा परिणाम आहे. म्हणजे केवळ माणसाकडे पाहून भागणार नाही, त्याच्या कामाकडेही पाहिले पाहिजे.

साथीत काय घडले?

११ मार्च २०२० रोजी कोविड ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर झाले. दुसऱ्याच दिवशी ओहायो राज्याने सर्व शाळा बंद करण्याची घोषणा केली आणि महिना संपण्याआधी देशभरातल्या जवळजवळ सगळ्या शाळांना कुलूप लागले. वीस-वीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून शिकवलेल्या शिक्षकांना काही दिवसांत पडद्यावरून शिकवायला शिकावे लागले. समोर मुलांचे चेहरे नव्हते, नावे लिहिलेले काळे चौकोन होते. कुणाला समजले, कुणी उठून गेले, काही कळायला मार्ग नव्हता. मुलाच्या डोळ्यांत ‘आत्ता कळलं!’ असे दिसते तेव्हा शिक्षकाचा दिवस सार्थकी लागतो. समईतले तेल म्हणतात ते हेच, आणि नेमके तेच आटले.

पुढच्या वर्षी अनेक ठिकाणी त्याहून अवघड पद्धत आली : निम्मी मुले वर्गात, निम्मी घरी पडद्यावर, आणि शिकवणारी बाई एकच. नियम वारंवार बदलत. २०२१ मध्ये मास्कवरून शाळा मंडळांच्या सभांत भांडणे झाली. मार्च २०२० मध्ये ज्यांना टाळ्या मिळाल्या, त्यांनाच वर्षभरात बोल ऐकावे लागले.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत शिक्षकच आजारी पडू लागले आणि बदली शिक्षक मिळेनात. न्यू मेक्सिकोच्या गव्हर्नरांनी तर नॅशनल गार्डच्या जवानांना वर्गावर उभे राहण्याचे आवाहन केले. इतरत्र कामावर असलेल्या शिक्षकांचा तयारीचा रिकामा तास दुसऱ्याच्या वर्गात जाऊ लागला.

आकडेही हेच सांगतात. रँड या संशोधन संस्थेने २०२१ च्या सुरुवातीला केलेल्या पाहणीत जवळपास दर चार शिक्षकांपैकी एकाने वर्षअखेर नोकरी सोडण्याची शक्यता सांगितली. साथीपूर्वी हे प्रमाण सहात एक होते. कामाचा ताण वारंवार जाणवतो असे ७८ टक्के शिक्षकांनी सांगितले. इतर नोकरदारांत असे सांगणारे ४० टक्के होते. गॅलपच्या २०२२ मधील पाहणीत ५२ टक्के शिक्षकांनी आपण ‘नेहमी’ किंवा ‘बऱ्याचदा’ बर्नआउट अनुभवतो असे म्हटले.

महाराष्ट्रातही चित्र फार वेगळे नव्हते. मोबाईल आणि रेंज नसलेल्या मुलांपर्यंत पोहोचण्याची धडपड तर होतीच, शिवाय अनेक शिक्षकांना तपासणी नाक्यांवर किंवा घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणावर पाठवले गेले. देश वेगळे, व्यवस्था वेगळ्या, पण शिकवण्याखेरीजचे ओझे दोन्हीकडे शिक्षकांच्याच खांद्यावर पडले.

त्याग कुणी, कुणाकडून मागावा?

शिक्षकाच्या त्यागाचे नाव निघाले की आपल्याला सावित्रीबाई फुले आठवतात. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात करणाऱ्या सावित्रीबाईंनी १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवेला वाहून घेतले. मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांना आणताना त्यांना स्वतःला प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यापुढे आपण नतमस्तक होतो.

पण इथे एक चूक सहज होते. सावित्रीबाईंनी तो मार्ग स्वतः निवडला होता. एखाद्या थोर व्यक्तीने स्वेच्छेने केलेला त्याग हा बाकीच्या सर्वांकडून रोज वसूल करायचा हक्क होत नाही. "शिक्षकी हे व्रत आहे" असे म्हणून आपण शिक्षकांचा गौरव करतो, आणि कधी कधी त्याच वाक्याने त्यांची तक्रारही बंद करतो. व्रत करणाऱ्यालाही उद्यापनानंतर पारणे असते! थकलेल्या शिक्षिकेला "योगासने करा, सकारात्मक राहा" असे सांगणे सोपे आहे. योगासनांचा उपयोग होतोच, पण तयारीचा तास काढून घेऊन श्वासाचे व्यायाम शिकवणे म्हणजे तेल न घालता वातीला उपदेश करणे होय.

मास्लाक आणि त्यांचे सहकारी मायकेल लायटर यांनी बर्नआउटच्या मुळाशी असलेल्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत : कामाचे ओझे, कामावरचा ताबा, कामाची पावती, सहकाऱ्यांची साथ, न्याय्य वागणूक आणि मूल्यांचा मेळ. यातली एकही गोष्ट शिक्षकाच्या एकट्याच्या हातात नाही. काही मात्र पालकांच्या हातात नक्की आहेत.

आपण काय करू शकतो?

१. ईमेल पाठवण्यापूर्वी थोडे थांबावे. रात्री अकराला पाठवलेला "हिला ९८ च का?" हा प्रश्न सकाळी बहुधा अनावश्यक वाटतो.

२. मे महिन्यातल्या शिक्षक सप्ताहात मग किंवा गिफ्ट कार्ड जरूर द्यावे, पण सोबत दोन ओळी लिहाव्यात. "तुमच्यामुळे आमचा मुलगा वाचायला लागला" ही पावती जास्त दिवस पुरते.

३. शाळा मंडळाच्या सभेला केवळ तक्रार असतानाच जाऊ नये. शिक्षकांचा वेळ आणि बदली शिक्षकांसाठीची तरतूद यांच्या बाजूनेही कुणीतरी उठून बोलावे लागते.

४. मराठी शाळेत एका वर्गाला दोन शिक्षक असावेत. पालकांनी पाळीपाळीने मदतीला बसावे, तयार केलेले पाठ सर्वांनी वाटून घ्यावेत, आणि तीन-चार वर्षांनी शिक्षकाला एक सत्र विश्रांती मिळावी. स्वयंसेवक "नाही" म्हणत नाही, म्हणून त्यालाच पुन्हा पुन्हा विचारू नये.

५. घरातच कुणी शिक्षिका असेल तर संध्याकाळचा पहिला अर्धा तास तिला शांतपणे बसू द्यावे. चहा दुसऱ्याने करावा.

६. उदासी, निद्रानाश किंवा जगणे नकोसे वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो केवळ बर्नआउट समजू नये. डॉक्टरांना भेटावे. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मदत मिळते. जिवाला धोका वाटत असेल तर क्षणभरही थांबू नये.

घरी चर्चेसाठी

• मुलांनो, साथीच्या काळात तुम्हाला कोणी शिकवले? त्या शिक्षकांना आज काय सांगाल?
• पालकहो, मागच्या वर्षी आपण शिक्षकांना किती वेळा तक्रार कळवली आणि किती वेळा आभार?
• आपल्या मराठी शाळेतल्या कोणत्या शिक्षकाला या वर्षी विश्रांती द्यायला हवी? त्यांच्या जागी कोण उभे राहील?

मे २०२३ मध्ये कोविडची आणीबाणी अधिकृतपणे संपली. शाळा भरल्या, घंटा वाजू लागल्या. पण आटलेले तेल घंटा वाजली म्हणून आपोआप भरत नाही. ते कुणीतरी उठून घालावे लागते. आज आरतीच्या वेळी समईत तेल घालताना आपल्या मुलांच्या एका तरी शिक्षकाची आठवण काढूया, आणि घरी गेल्यावर त्यांना त्या दोन ओळी लिहूया.