तारण काय ठेवलंस ते नाही, पैसा कुठे लावलास ते सांग

अगं, 2028 च्या महामहम उत्सवासाठी तू आतापासूनच नाच्चियारकोविलचे पितळी दिवे भरून ठेवायचं म्हणतेस, आणि त्यासाठी पाटल्या गहाण टाकणार आहेस, असं कळलं. टाक. 2016 नंतरचा हा पहिलाच महामहम, आणि तुझं दुकान कुंभकोणमात, तो भरतो त्याच तलावाकाठी! पण बँकेत जाण्याआधी माझं थोडं ऐकून घे. 'व्याज उत्पन्नातून वजा होतं' असं तुला कुणी सांगितलं असेल, तर ते अर्धंच सांगितलंय.

तारण काय ठेवलंस यावर वजावट ठरत नाही, पैसा कुठे लागला यावर ठरते. समजा, 9 टक्क्यांनी 6 लाख उचललेस. त्यातले 4 लाख दिव्यांना आणि 2 लाख नणंदेच्या लग्नाला गेले. वर्षाचं व्याज 54,000 रुपये, पण धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येतील ते 36,000. लग्नाचे 18,000 तुझे तुलाच सोसायचे, लग्न कितीही गरजेचं असो. म्हणून दोन कर्जं वेगळी घे, धंद्याचं कर्ज धंद्याच्याच खात्यात जमा होऊ दे. अर्जात 'कर्ज कशासाठी' असं विचारलेलं असतं, तिथे आपण बायका सवयीने 'घरखर्च' लिहून मोकळ्या होतो. तू 'दुकानाचा माल' असं स्पष्ट लिही.

मला खरी काळजी आहे ती रिन्यू करण्याची. वर्ष भरलं की जुनं व्याज नव्या कर्जात मिळवून टाकायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. कायद्याच्या लेखी तसं केल्याने व्याज भरलं असं होत नाही, आणि बँकेचं व्याज प्रत्यक्ष भरल्याशिवाय वजा होत नाही. आधी गल्ल्यातून व्याज भर, पावती जपून ठेव, मगच रिन्यू कर.

आणखी एक, सीएला नक्की विचार. तो तुझं विवरणपत्र अंदाजी नफ्यावर भरत असेल, म्हणजे रोख विक्रीवर 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के नफा धरून, तर व्याज वेगळं वजा होणार नाही. ते त्यातच धरलेलं असतं.

राहत्या घराच्या कर्जाचं व्याज 2 लाखांपर्यंत वजा होतं, पण जुन्या करपद्धतीत. शैक्षणिक कर्जाचं व्याजही जुन्याच पद्धतीत वजा होतं. धंद्याचं व्याज मात्र नव्या पद्धतीतही चालतं. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकराचा नवा कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण यातलं मूळ तत्त्व बदललेलं नाही.

आणि ओळखीचा कुणी रोख देतो म्हणाला तरी हात पुढे करू नकोस. 20,000 किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेतलं, तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. सिटी युनियन बँक तर 1904 सालापासून तुमच्याच गावची. बँका असताना रोखीच्या भानगडीत पडायचं कशाला?

दिवेवाल्याकडून पक्कं बिल घे, पैसे खात्यातूनच दे. आणि कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मला एक फोन कर.