मैत्रिणी येताहेत ना, मग हे ऐक

अगं, तुझी यादी वाचली. शनिवारी वेरूळ, घृष्णेश्वर, भद्रा मारुती, दौलताबाद, पाणचक्की आणि मकबरा. रविवारी पैठण. सोमवारी अजिंठा, येताना हिमरूची खरेदी, आणि तिथूनच त्यांना गाडीत बसवायचं. लग्नानंतर कॉलेजच्या मैत्रिणी पहिल्यांदाच तुझ्या घरी येताहेत, त्यामुळे तुझा हुरूप मला कळतो. तरीही यातलं निम्मं काढून टाक. इतकी वर्षं या गावात पाहुण्यांची ये-जा बघतेय मी. सगळं बघून गेलेल्या माणसाला पुढच्या महिन्यात विचारलं, तर त्याला फक्त गाडीतली झोप आठवते.

आधी वार नीट बघ. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. तुझ्या यादीप्रमाणे गेलात तर शंभर किलोमीटर जाऊन दारातून परत याल. म्हणून शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ आणि सोमवारची सकाळ गावातच. त्यांना रजा मिळत असेल तर शनिवार-रविवार टाळून बुधवार-गुरुवारीच बोलाव. गर्दीत निम्मा फरक पडतो.

शुक्रवारी दुपारी त्या उतरतील. चहा होऊ दे, जरा टेकू दे, आणि ऊन कललं की मकबऱ्यात ने. माझी एकच विनंती आहे, ‘हा आपला छोटा ताजमहाल’ असं म्हणून दाखवू नकोस. तसं म्हटलं की माणूस पहिल्या पावलापासून उणिवाच मोजायला लागतो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, १६६० च्या सुमारास बांधलेली. ज्याने बांधली तो अताउल्ला हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. मुख्य दरवाजावर पितळी पत्रा आहे, त्यावर त्याचं नाव कोरलंय. आधी ते दाखव. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे, मधलं सगळं चुन्याच्या गिलाव्याचं नक्षीकाम. त्या गिलाव्यातली फुलं-पानं जवळ जाऊन बघायला सांग. ते काम कुणाची नक्कल म्हणून बघण्यासारखं नाहीच. आत गेल्यावर वरच्या कठड्यावरून खाली वाकून कबर बघायची असते, हेही सांगून ठेव.

आता अजिंठा. यासाठी अख्खा दिवस द्यायचा, दुसरं काहीही जोडायचं नाही. फुलंब्री, सिल्लोड करत जायला दोन-अडीच तास धर आणि पहाटेच निघा. फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने. रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. पाणी आणि टोप्या हव्यातच, शिवाय प्रत्येकीला सुती मोजे घ्यायला सांग. चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढावे लागतात आणि दुपारी दगड चांगलाच तापतो. तुझ्या ज्या मैत्रिणीचा गुडघा दुखतोय, तिच्यासाठी पायथ्याशी डोलीवाले असतात. संकोच करू नका, भाव आधी ठरवा आणि बसवा तिला. वरपर्यंत येऊन ती निवांत बघेल, हे महत्त्वाचं.

तीस लेणी सगळी बघायचा हट्ट धरू नकोस. पहिलं, दुसरं, नववं, दहावं, सोळावं, सतरावं आणि सव्विसावं, एवढी पुरे. पहिल्यात शिरल्या शिरल्या काहीच दिसत नाही. लोक अंधारात एक फेरी मारतात, मोबाइल वर करतात आणि बाहेर पडतात. तुम्ही तसं करू नका. दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावले की भिंती हळूहळू उमलायला लागतात. गाभाऱ्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला पद्मपाणी, उजव्या हाताला वज्रपाणी. पद्मपाणीचे ते झुकलेले डोळे सगळ्यांनी पुस्तकात पाहिलेले असतात, तरी समोर उभं राहिल्यावर माणूस बोलायचं थांबतो. फ्लॅश मारायचा नाही, हे बरोबर येणाऱ्या मुलालाही आधीच समजावून ठेवा. दीड हजार वर्षांचे रंग आहेत ते.

सतराव्यात जातककथा आहेत. वेस्संतराची गोष्ट तू आदल्या रात्री वाचून जा आणि तिथे आपल्या शब्दांत सांग. दान देता देता राज्य, मुलं, बायको सगळं देऊन बसणारा राजपुत्र. तुम्ही सगळ्याजणी आता संसारात आहात, त्याची बायको मद्री बघून नक्की वाद घालाल, आणि तसा तो घालावाच. सव्विसाव्यात डाव्या भिंतीवर बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, कुशीवर पहुडलेली ती प्रचंड मूर्ती. खाली रडणारे शिष्य आणि वर स्वागताला आलेले देव. तिथे थायलंड, श्रीलंका, जपानहून आलेले लोक हात जोडून बसलेले दिसतील. २०२३ मध्ये थायलंडहून आलेले शंभरावर भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी चालत गेले होते. इतक्या लांबून माणसं ज्या श्रद्धेने येतात, तिचा मान ठेवायचा. तिथे मोठ्याने हसणं नको आणि मूर्तीला टेकून फोटो नकोत.

वाटेत एक गोष्ट सांगायची. १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला आणि त्याला दरीपलीकडून लेण्यांची कमान दिसली, असं सांगतात. गावकऱ्यांना ती लेणी ठाऊक होतीच. दहाव्या लेण्यात त्याने खांबावर कोरलेलं स्वतःचं नाव अजून आहे. माझा जीव मात्र रॉबर्ट गिल या चित्रकारात अडकतो. १८४४ पासून वर्षानुवर्षं तो या अंधारात बसून चित्रांच्या नकला करत होता. त्या लंडनला गेल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. पुढे जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत गेल्या. गिलची सोबतीण पारू हिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ लिहिलं ते या दोघांवरच. परतताना अंगात त्राण असेल तर गावात थांबा. हे सगळं ऐकल्यावर भिंतीवरच्या मूळ रंगांची किंमत कळते.

त्या रात्री बाहेर जेवायला नेऊ नकोस. थकून आलेल्या बायकांना घरचं हवं असतं. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, बस्स. तुझ्या मैत्रिणींसारख्या पुण्याच्या मुलींनी येसर क्वचितच खाल्लेली असते. नान-खलिया शुक्रवारी खाऊन घ्या. तुघलकाच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इथे आला असं म्हणतात. घरात सासूबाईंना मांसाहार चालत नसेल तर सिटी चौकाच्या बाजूला जाऊन खा, घरी आणायचा आग्रह नको. आणि गुलमंडीची इमरती गरम असतानाच.

रविवारी वेरूळ. सूर्य उगवताना पोहोचा, कारण दहानंतर सहलीच्या बसेस येतात. आधी कैलास. आत शिरण्यापूर्वी बाजूच्या पायवाटेने डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. पावसाळ्यात ही वाट निसरडी असते, तेव्हा मुलाचा हात धरा. वरून बघितल्याशिवाय हे मंदिर कळत नाही. शिखरापासून पायापर्यंत, वरून खाली, एकाच डोंगरातून काढलंय ते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात. कोरताना एखादा हत्ती चुकला असता तर नवा दगड आणून लावायची सोय नव्हती. मग खाली उतरून कैलास हलवणारा रावण शोधायला मुलाला सांग, तो तासभर रमेल.

त्यानंतर दहावं लेणं, विश्वकर्मा. दगडाचं छत, पण लाकडी वासे लावल्यासारखं कोरलेलं. तिथे हळू आवाजात एखादी ओळ गुणगुणा, आवाज कसा घुमतो ते ऐका. बत्तिसावं जैन लेणं जरा लांब आहे, पण तिथे गर्दी नसते आणि कोरीव काम फार नाजूक. घृष्णेश्वराला ज्यांना जायचंय त्यांनी जावं, पण रविवारी रांग मोठी असते. तो अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात पुन्हा बांधलेला लाल दगडातला कळस बाहेरूनही बघता येतो. निघण्याआधी पुन्हा एकदा कैलासासमोर या. त्याचं तोंड पश्चिमेला आहे, चारनंतरचं ऊन थेट अंगावर येतं.

दौलताबाद या खेपेला सोड. मलाही वाईट वाटतं, देवगिरी माझा लाडका किल्ला आहे. पण शेकडो पायऱ्या, वटवाघळांची अंधारी वाट, दुखरा गुडघा आणि लहान मूल, हे जमत नाही. रस्त्यावरून चांद मिनार दिसेल, तेवढा दाखव. पैठणही काढ, त्याला स्वतंत्र दिवस हवा.

सोमवारी सकाळी, सामान बांधून झाल्यावर, त्यांना विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांत ने. गावातल्या लोकांनाही ही फारशी ठाऊक नाहीत, पाहुणे तर जातच नाहीत. सातव्या लेण्यात एक नाचणारी स्त्री आहे आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या सहा बायका. सगळा वाद्यवृंद बायकांचा. तुम्हा मैत्रिणींचा फोटो काढायचा असेल तर त्या लेण्याबाहेर काढा. समोर सपाटीवर मकबऱ्याचा घुमट दिसतो.

खरेदीला दुपारचे दोन तास पुरे. हिमरू घ्यायचं असेल तर आधी माग चालू असलेला दाखवायला सांगा. सुती आणि रेशमी धाग्यांचं हे विणकाम हातमागावर करणारे आता मोजकेच उरलेत, आणि त्यांच्याकडून घेतलेली एक शाल बाजारातल्या पाच शालींपेक्षा बरी. कुणी पैठणी बघणार असेल तर पदर उलटून बघायला शिकव. हातमागाच्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, लोंबते धागे नसतात. पैसे मोजण्याआधी एवढं बघायचंच. आणि हो, संध्याकाळच्या गाडीचा डबा सकाळीच करून ठेव, दुपारी तुला वेळ मिळणार नाही.