एअर रायफलचा नेम आणि गोदामातील उंदीर

प्रश्न : अंबडच्या गोदामात उंदरांवर एअर रायफल चालवताना नेम का चुकतो?

उत्तर : स्प्रिंगच्या एअर रायफलीत घोडा दाबताच आतील दट्ट्या वेगाने पुढे सरकतो आणि छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच बंदुकीला हादरा बसतो; म्हणून दस्ता खांद्याशी करकचून न आवळता बंदुकीचा पुढचा भाग उघड्या तळव्यावर सैल ठेवला, तर प्रत्येक हादरा सारखाच राहतो व छर्रे एका जागी लागतात. 4.5 मिलिमीटरच्या छर्‍याची कड किंचित चेपलेली असली तरी तो भरकटतो. कागदावर 10 मीटरवरून पाच छर्रे रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत बसत नाहीत तोवर जिवावर नेम धरणे ही क्रूरताच होय. उंदरांऐवजी द्राक्षबागेतील पोपटांवर छर्रा झाडणे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.