पुरुषांची हाडेही झिजतात

हाडे ठिसूळ होणे हा उतारवयातील स्त्रियांचा विकार, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. जळगाव व धुळे जिल्हे त्यास अपवाद नाहीत. ही समजूत अर्धीच खरी आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीचे हाड झपाट्याने विरळ होते. पुरुषात ही झीज संथ असते व उशिरा लक्षात येते. जगातील खुब्याच्या अस्थिभंगांपैकी सुमारे एक-तृतीयांश पुरुषांचे असतात आणि त्यानंतर वर्षभरात दगावण्याचे प्रमाण पुरुषांतच अधिक आहे.

तरीही साठीचा शेतकरी ओट्यावरून उतरताना पडला व मनगट मोडले, तर प्लॅस्टर घालून विषय संपतो. एवढ्याशा पडण्याने हाड का मोडावे, हे सहसा विचारले जात नाही. वास्तविक तोच पहिला इशारा होय. पाठीचा मणका तर कित्येकदा वेदनेवाचूनच दबतो. उंची घटते, पोक येते आणि घरचे म्हणतात, वय झाले.

पुरुषांत या विकारामागे पुष्कळदा दुसरे कारण दडलेले असते: मद्य, तंबाखू, पुरुषी संप्रेरकाची घट आणि विशेषतः स्टिरॉइड. दमा वा सांधेदुखीवर डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या, तसेच अनोळखी वैदूच्या पुड्या यांतून ते पोटात जाऊ शकते. मात्र दीर्घकाळ चाललेली अशी गोळी एकाएकी थांबवणेही घातक. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. शंभर ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम ३० मिलिग्रॅम, तर तेवढ्याच नागलीत सुमारे ३५० असते. साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात पिकणारी ही नागली तापीकाठच्या ताटात मात्र क्वचितच दिसते. शंभर मिलिलिटर दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम मिळते. जळगावचे केळे पौष्टिक खरे, पण कॅल्शियमच्या हिशेबात ते धरू नये. ऊन मुबलक असूनही ड जीवनसत्त्वाची उणीव भारतात सर्रास आढळते. भुसावळच्या मे महिन्यात उन्हात कोण थांबणार, आणि कचेरीत दिवस काढणाऱ्यास तर सूर्य भेटतच नाही.

हाडांचा भरणा साधारणतः तिशीपर्यंतच होतो, म्हणून शाळेच्या मैदानावरील खेळाचा तासही या विषयात मोडतो. हाडांची घनता डेक्सा तपासणीने मोजता येते आणि उपचारही आहेत. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या पुरुषास प्लॅस्टर निघाल्यावर धुळे वा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या अस्थिरोग विभागाकडे पाठविणे, हे काम ग्रामपंचायत सदस्यालाही करता येण्याजोगे आहे.