यादी त्यांची जुनी, बोलणी मला

"तुमचं नेटच खराब आहे." सतरा दिवस मी हे ऐकलं. नेट खराब नव्हतं.

आम्ही कराडमध्ये इंटरनेट पुरवतो. २०१३ साली पत्ते वाटणाऱ्या आयआरआयएनएनकडून आम्हाला १०३ ने सुरू होणारा १०२४ पत्त्यांचा स्वतःचा ब्लॉक मिळाला. तोवर प्रोव्हायडरचे पत्ते वापरणारे सगळे ग्राहक मी एका रात्रीत त्यावर नेले. सकाळी बाकी सगळं सुरळीत, फक्त एका कार्यालयाचं शिष्यवृत्तीचं पोर्टल उघडेना. अर्जाची मुदत तोंडावर आलेली.

त्यांच्या हेल्पडेस्कचं उत्तर ठरलेलं: "बाकी कुणाची तक्रार नाही. तुमच्या बाजूला बघा." बघितलं. राउटर बदलला, डीएनएस बदलला, एमटीयू कमी केला. आठव्या रात्री एका विद्यार्थिनीच्या घरी बसून तिच्या कनेक्शनला जुन्या प्रोव्हायडरचा पत्ता दिला. पोर्टल उघडलं. १०३ चा दिला, बंद. पुन्हा जुना दिला, उघडलं. वायर तीच, लॅपटॉप तोच. तिचे वडील म्हणाले, "म्हणजे दादा, तुमचा पत्ताच त्यांना चालत नाही?" हेल्पडेस्कला जे कळत नव्हतं, ते त्या माणसाला दोन मिनिटांत कळलं.

१०३.०.०.०/८ हा पट्टा फेब्रुवारी २०११ मध्ये एपनिकला, म्हणजे आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या संस्थेला, दिला गेला. त्याआधी तो कुणाचाच नव्हता, म्हणून फायरवॉलवाले तो बोगॉन यादीत, म्हणजे कुणालाच न दिलेल्या पत्त्यांच्या यादीत, टाकून अडवत. तेव्हा ते बरोबरही होतं. नंतर यादीकडे कुणी फिरकलंच नाही. असे फिल्टर काढा, हे सांगणारा आरएफसी ६४४१ नोव्हेंबर २०११ मध्येच निघाला होता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर हेल्पडेस्कशी वाद घालण्यात दिवस घालवू नका. हूइजमध्ये अडलेल्या साइटच्या ब्लॉकसमोर तांत्रिक संपर्क असतो, तिथे लिहा. एकाच वेळी काढलेले, जुन्या आणि नव्या पत्त्यावरचे दोन ट्रेसराउट वेळेसकट जोडा. "साइट चालत नाही" असं लिहू नका, "तुमच्या फायरवॉलमध्ये १०३.०.०.०/८ अडवलंय का, पाहा" असं लिहा. जुने पत्ते लगेच परत करू नका. अडलेल्या साइटपुरतं नॅट करून त्यातून वाट द्या. आमच्या मुलांचे अर्ज असेच भरले गेले. आणि सगळे ग्राहक एका रात्रीत हलवू नका. आधी एका पीसीवर नवा पत्ता लावून बँका, आयकर, परीक्षांची पोर्टलं उघडून बघा. धीर धरा, हेही सांगतो. मला तो धरता आला नव्हता.

सतराव्या दिवशी त्या पोर्टलच्या फायरवॉलवाल्या मुलाने फोनवर १०३ अडवणारी ओळ वाचून दाखवली आणि काढून टाकली. माफी नाही, "समस्या सुटली" एवढाच मेल. माझे अकरा ग्राहक तोवर गेले होते.

फायरवॉल सांभाळणाऱ्यांनो, वाटायला शिल्लक /८ पट्टे २०११ मध्येच संपले. १७२ मधले खासगी पत्ते अडवायचे तर १७२.१६ ते १७२.३१ एवढेच अडवा, अख्खं १७२ नको. बोगॉन यादी हवीच असेल तर टीम कम्रीची (Team Cymru) चालू यादी जोडा, हाताने लिहिलेली ठेवू नका. आणि आज एकदा तुमच्या नियमांमध्ये १०३ शोधा.